गायिका मध्यावर बसेपर्यंत

मिस्त्रीला ‘कानसेन’ हे नाव कोणी ठेवले, याबद्दल गॅरेजांच्या त्या गल्लीत एकवाक्यता नाही. टायरवाला म्हणतो, ते आपणच ठेवले. एकदा मिस्त्रीने बंद बॉनेटवर नुसता हात ठेवून आतली कुठली तार सैल आहे ते आवाजावरून सांगितले, तेव्हा. समोरचा रंगारी म्हणतो, टायरवाल्याच्या हवेतली निम्मी टायरांत जाते आणि निम्मी गप्पांत. त्याच्या मते नाव त्याच्या स्वतःच्या वडिलांच्या तोंडून आले, आणि तेही कौतुकाने नव्हे. मिस्त्री गाडीत डोळे मिटून इतका वेळ बसून राही की मागची गाडी अडकून पडे, म्हणून वैतागाने. मिस्त्रीची बायको दोन्ही कथा बाजूला सारते. माणूस गाड्यांत गाण्याचे सेट बसवतो आणि गाणे लागले की बोलायचा थांबतो, एवढ्या भांडवलावर या गल्लीत कोणालाही नाव पडते, असे तिचे म्हणणे. तिन्ही साक्षी ताडून पाहिल्या तर निर्विवाद असे एवढेच उरते : सेट बसवून झाला की शेवटची जुळणी मिस्त्री कानाने करी, आणि त्या कानावर गल्लीचा भरवसा होता.

दुकान अरुंद, बोळकांडीसारखे लांब. पुढच्या भागात कशीबशी एक गाडी मावे. मागे भिंतीला लागून कामाचे टेबल. त्यावर मीटर, पक्कडी, तारांची वेटोळी, आणि जुन्या सेटची दर्शनी झाकणे दातांच्या कवळीसारखी ओळीने मांडलेली. टेबलाशी दोन स्टुले होती. एक मिस्त्रीचे, एक बायकोचे. बायको पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. यंत्रे आपोआप जोडण्या करू लागली तशी ती नोकरी संपली आणि तारा जोडायची सवय तेवढी उरली. तिचा हात स्थिर होता. तारेच्या टोकावर कथलाचा डाख ती असा देई की तो वाटाण्यासारखा न फुगता तारेला चिकटून बसे. मिस्त्री स्वतःच्या डाखाला ‘चालेल’ म्हणे आणि तिच्या डाखाला काहीच म्हणत नसे. त्या घरात कौतुकाची हीच रीत होती.

मिस्त्रीच्या कामाला दोन नियम होते. पहिला, कंपनीने घातलेली तार कापायची नाही. गाडीच्या मूळ प्लगला बसेल असा जोडप्लग बनवायचा, नवा सेट त्याला जोडायचा, म्हणजे उद्या मालकाचे मन बदलले तर जुना सेट पुन्हा जागेवर. दुसरा नियम दोष शोधण्याचा. एका बाजूचा स्पीकर रुसला तर अंदाज बांधत बसायचे नाही; डावे उजवीकडे लावायचे, उजवे डावीकडे. दोष वस्तूबरोबर गेला तर वस्तूत आहे. जागचा हलला नाही तर दुसरीकडे शोधायचा. “बोलण्यानं दोष सापडत नाही, अदलाबदलीनं सापडतो,” हे त्याचे आवडते वाक्य. ते त्याने इतक्या जणांना ऐकवले होते की टायरवाला आपल्या घरातल्या भांडणांनाही ते लावी.

या नियमांच्या पलीकडे जे होते ते मात्र शिकवता येण्यासारखे नव्हते. काम संपले की मिस्त्री चालकाच्या जागी बसे, डोके दोन आसनांच्या मध्यावर झुकवी, डोळे मिटी आणि एक ठरावीक गाणे लावी. त्यातली गायिका डॅशबोर्डच्या बरोबर मधोमध, हाताच्या अंतरावर समोर बसून गाते आहे असे वाटेपर्यंत तो बटणे फिरवी. मग उतरे आणि म्हणे, “बसली.”

गेल्या वर्षभरात त्याचा डावा कान मागे पडू लागला होता. हे त्याला ठाऊक नव्हते असे म्हणणे खरे होणार नाही. फोन त्याने डाव्या कानावरून उजव्या कानाला केव्हाच नेला होता. उजव्या कुशीवर झोपले की शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबतो, हेही त्याच्या ध्यानात आले होते आणि त्याला त्याने कुत्र्याचे शहाणपण मानले होते. पण फोनचा कान वेगळा आणि कामाचा कान वेगळा, अशी त्याने मनाशी वाटणी करून टाकली होती. ही वाटणी कितपत टिकणारी होती, याचा पुरावा दोन्ही बाजूंनी नाही. तक्रार घेऊन कोणी परत आले नव्हते खरे. पण जो तो आपापल्या गाडीत बटण थोडे इकडचे तिकडे करतोच, आणि त्यासाठी कोणी गल्लीत परत येत नाही. बायकोने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मध्यंतरी तिने आपले स्टूल त्याच्या डावीकडून उचलून उजवीकडे मांडले, एवढेच. कारण विचारल्यावर ती म्हणाली होती, तिकडे वारा लागतो.

अशा दिवसांत ती गाडी आली.

दोनच आसनांची, बुटकी, नाकाने लांबट. रंग एके काळी लाल असावा. आता तो भाजलेल्या विटेचा झाला होता. ती चालवत आली होती ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी एक बाई. चाळिशी ओलांडलेली, आवाज ठणठणीत, बोलणे सूचना दिल्यासारखे. गाडी तिच्या मामांची. मामांनी ती तरुणपणी हौसेने घेतली आणि पोटच्या पोरीसारखी सांभाळली. परंतु आता त्यांचे गुडघे त्या बुटक्या गाडीत उतरायला तयार होत आणि बाहेर यायला नाही. म्हणून गाडी भाचीकडे आली. येताना दोन अटी घेऊन आली. रविवारी मामांना फेरी मारून आणायची, आणि गाडीच्या पोटाला सुरी लावायची नाही.

अडचण होती ती कंपनीच्या सेटची. तो फक्त कॅसेट ओळखे, आणि अलीकडे तीही गिळून टाकी. बाईला फोनवरची गाणी हवी होती. आधीच्या दोन दुकानांत तिला मोठे पडदे दाखवले होते, आणि ते बसवायला डॅशबोर्ड जरासा कापावा लागेल असे सांगितले होते.

“जरासा म्हणजे?” तिने विचारले होते.

तिथल्या माणसाने दोन्ही हात फाकून दाखवले होते. ते सांगताना बाईने तसेच हात फाकले, आणि मिस्त्रीच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या घरची चोरी ऐकल्यासारखे भाव आले. मूळ खाचेत बसेल असा, पडद्याचा भपका नसलेला सेट मिळतो, हे त्याला माहीत होते. त्याची अक्षरेही पिवळसर उजळणारी निवडायची, म्हणजे रात्री ती मीटरच्या काट्यांशी फटकून वागणार नाहीत. जुना सेट कापडात बांधून मामांना परत. बाईने विचारले, रविवारच्या आत होईल का. मिस्त्री म्हणाला, होईल, आणि टायरवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाला, “कापणाऱ्याला वेळ लागत नाही, न कापणाऱ्याला थोडा लागतो.”

काम त्याला मानवले. जुना सेट बाहेर आला तेव्हा त्याच्यामागे धुळीचा मऊ गोळा, एक केसांची पिन आणि कधीकाळी हरवलेली पेटीची किल्ली सापडली. तारांच्या रंगांवर त्याने विश्वास ठेवला नाही. जुन्या गाडीत पिवळ्या तारेने पिवळेच काम करावे असा कायदा नसतो. प्रत्येक तार त्याने मीटरने विचारून घेतली. स्पीकरच्या तारांना घड्याळातला छोटा सेल टेकवून पाहिला. उजव्या दारातून ‘टक’ आले, डाव्या दारातून जरा दबके ‘टक’ आले. डावा म्हातारा झालाय, असे त्याने मनात नोंदवले. बायकोने जोडप्लग बनवला. आसनांच्या मागे दडलेली अँप्लिफायरची डबी पुसून, तिचे पाय घासून पुन्हा जागेवर बसवली. नवा सेट खाचेत सरकला तो म्यानात जावा तसा. मग मिस्त्री आत बसला, डोके मध्यावर आणले, डोळे मिटले. गायिका उजवीकडे झुकत होती. त्याने बटण डावीकडे फिरवले, आणखी फिरवले, आणि ती समोर येऊन बसली.

“बसली,” तो म्हणाला.

बायको टेबलाशी होती. तिने मान वर केली, काही बोलणार असे दिसले, आणि तारांचे तुकडे गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी बाई गाडी न्यायला आली. इथे एक तपशील महत्त्वाचा. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून पोट भरलेली ती बाई, मिस्त्रीने चालकाचे दार उघडून धरले असताना, वळसा घालून डावीकडच्या आसनावर जाऊन बसली. तिचा पाय तिथे नसलेला ब्रेक शोधू लागला. मिस्त्रीला वाटले, तिला फक्त ऐकून पाहायचे आहे. तो चालकाच्या जागी बसला आणि त्याने गाणे लावले.

बाईने डोके झटकन बाजूला घेतले. “मिस्त्री, ही समोर नाही गात आहे,” ती म्हणाली. “ही माझ्या मांडीवर बसून गातेय.”

मिस्त्री हसला, आणि आपण एकटेच हसतो आहोत हे लक्षात येऊन थांबला. स्पीकर जुने आहेत, असे तो म्हणाला. तारेत गोम असेल, असेही म्हणाला. बाईने वाद घातला नाही. शिकाऊ माणूस गिअर चुकला की जशी ती खिडकीबाहेर पाहत राही तशी तिने खिडकीबाहेर पाहिले, आणि शनिवारी संध्याकाळी येते, असे सांगून निघाली. त्या खिडकीबाहेर पाहण्याने मिस्त्रीला शिवीपेक्षा जास्त लागले.

त्याने गाडी पुन्हा उघडली. बटण मध्यावर आणले आणि ऐकले : डावी बाजू पडलेली. म्हणजे आता नियमाप्रमाणे अदलाबदल. प्रथम सेटच्या मागच्या तारा बदलल्या, डाव्या उजवीकडे आणि उजव्या डावीकडे. दोष सेटमध्ये असता तर तो उजव्या दारात जायला हवा होता. डावी बाजू पडलेलीच. मग दोन्ही दारांची आतली अस्तरे काढली, स्पीकर सोडवले, डाव्याचा उजवीकडे बसवला, उजव्याचा डावीकडे. हे काम किचकट. अस्तराच्या जुन्या खुंट्या बोटांत मोडतात आणि मोडली की तशी दुसरी मिळत नाही. त्याने एकही मोडू दिली नाही. पुन्हा आत बसला. डावी बाजू पडलेली. शेवटी अँप्लिफायरच्या डबीला बगल देऊन तारा थेट जोडल्या. फरक शून्य.

सेटचा दोष नाही, तारेचा नाही, स्पीकरचा नाही, डबीचा नाही. तो आसनावर तसाच बसून राहिला. स्टिअरिंगवर दोन्ही हात, गाणे संपलेले.

बायको येऊन दाराशी उभी राहिली, उजव्या बाजूला. “सगळं बदलून पाहिलंत?”

“सगळं.”

“नाही हो. एक भाग राहिलाय.”

त्याने तिच्याकडे पाहिले. तिने काही लपवले नव्हते, आणि त्यालाही आता काही लपवता येईना. “तो भाग कंपनीकडून येत नाही,” तो म्हणाला.

“येत नाही ना, मग उलटा लावून तरी बघा. तुमचाच नियम आहे.”

उलटा लावायचा म्हणजे काय, हे त्याला क्षणभर कळले नाही. कळले तेव्हा त्याने आधी शटरकडे पाहिले. ते अर्धे खाली होते. मग त्या बुटक्या गाडीच्या आसनावर, पन्नाशी केव्हाच मागे टाकलेला तो माणूस गुडघ्यांवर चढला, पाठ डॅशबोर्डला, तोंड मागच्या काचेकडे, डोके छताला घासणारे. त्याने मान दोन आसनांच्या मध्ये आणली. बायकोने गाणे लावले.

पडलेली बाजू हलली होती. आतापर्यंत डाव्या दारात बसलेला अशक्तपणा उठून उजव्या दारात गेला होता. तो वस्तूबरोबर गेला नव्हता. माणसाबरोबर गेला होता.

नेमक्या त्याच वेळी टायरवाल्याने शटरखालून डोकावून विचारले, कानसेन आज मागे तोंड करून का बसले आहेत. मिस्त्रीच्या बायकोने सांगितले की रिव्हर्स गिअरचा आवाज तपासताहेत. टायरवाला समाधानाने निघून गेला. ही तपासणी गल्लीत अजून खरी मानली जाते.

मिस्त्री वळून सरळ बसला आणि त्याने गाणे बंद केले. बायको दाराला टेकून उभी राहिली. ऑपरेटरला पलीकडच्या शांततेची सवय असते. शेवटी त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे की, तारांचे काम तो करील, हात अजून शाबूत आहेत. पण शेवटची जुळणी आता बंद. बाईला म्हणावे, बटण तुम्हीच लावून घ्या. गल्लीलाही कळेल तेव्हा कळेल. नाव काय, पुसता येते.

“वा,” बायको म्हणाली. “मी इतकी वर्षं एक्स्चेंजमध्ये कशावर काढली, ठाऊक आहे ना?”

“कशावर?”

“एका कानावर. डोक्यावरचा तो हेडफोन एकाच कानाचा होता. दुसरा कान मोकळा, शेजारणीच्या गप्पा ऐकायला. तेवढ्यावर सगळं शहर जोडत होतो आम्ही, आणि एकीनंही राजीनामा दिला नाही.”

“तुला दुसरा कान होता तरी.”

“तुम्हालाही आहे की.” तिने वळसा घातला, डावीकडचे दार उघडले, साडीचा पदर गोळा केला आणि त्या खोल आसनात एक उसासा टाकून बसली. “हा इथं आहे. लावा गाणं.”

मिस्त्रीने लगेच गाणे लावले नाही. दोन आसनांच्या गाडीत दोन माणसे बसल्यावर डोके मध्यावर झुकवायला जागा उरत नाही, हे त्याच्या आज प्रथम लक्षात येत होते. इतकी वर्षे त्याने गाड्यांचा आवाज जुळवला होता तो अशा जागेसाठी, जिथे कोणीच बसत नाही.

त्याने गाणे लावले. सूर जाड की बारीक, झांज टोचते का, खालचा नाद दाराचे अस्तर थरथरवतो का, हे त्याचा उजवा कान पूर्वीइतकेच चोख सांगत होता. गायिका कुठे बसली आहे, ते बायको सांगत होती. अजून माझ्याकडे आहे. थोडी सरकवा. फार सरकवलीत, आता तुमच्या खांद्याला टेकली. आणा इकडे, शोभत नाही. मिस्त्रीला हसू आले आणि बटण निसटले. मग दोघांनी जागा बदलल्या, कारण नियम तो नियम; ती चालकाच्या जागी, तो डावीकडे, उजवा कान तिच्या दिशेला. पुन्हा ऐकले. एकाच गाण्याला इतकी फिरवाफिरव सहन करावी लागल्याचे उदाहरण विरळाच. शेवटी गायिका अशा ठिकाणी येऊन बसली की दोघांपैकी कोणालाही ती दुसऱ्याची वाटेना.

“बसली?” त्याने विचारले. हा शब्द प्रश्न म्हणून त्याच्या तोंडून प्रथमच निघाला होता.

“बसली,” बायको म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी बाई आली ती मामांना घेऊनच. रविवारपर्यंत त्यांना धीर निघाला नव्हता. काठी, कडक इस्त्रीचा सदरा, आणि चेहऱ्यावर तपासनिसाचा भाव. मामांनी आधी डॅशबोर्डच्या कडांवरून बोट फिरवले. कुठे चिरा नाही, कुठे पट्टी नाही. कापडात बांधलेला जुना सेट त्यांनी नवजात बाळासारखा दोन्ही हातांनी घेतला, आणि हरवलेली किल्ली पाहून म्हणाले की ती पेटी त्यांनी त्या वेळी कुलपासकट फोडली होती.

मिस्त्रीने बाईला एका बाजूला घेतले. परवाची चूक गाडीची नव्हती, तो म्हणाला; माझा डावा कान कमी झालाय. स्पीकरला उगाच बोल लावला. हे वाक्य त्याने मनात पुष्कळदा घोकले होते आणि तरी ते तोंडातून निघताना अडखळले.

बाईने त्याच्याकडे नीट पाहिले. “मग आता कोणी लावलं?”

त्याने मान वळवून बायकोकडे बोट केले. “दोघांनी.”

“तेच बरं,” बाई म्हणाली. “आमच्या धंद्यातही गाडीत दोन ब्रेक लागतात.”

मामांना डाव्या आसनात उतरवणे हा एक स्वतंत्र कार्यक्रम झाला. गुडघे आधी, मग काठी, मग बाकीचे मामा. “ठमे, हळू,” ते भाचीला दटावत होते, आणि भाची त्यांना शिकाऊ उमेदवाराशी बोलायच्या आवाजात पायाची जागा सांगत होती. गाणे लागले. मामा ऐकत राहिले. मामा आणि भाची दोन बाजूंना, मध्ये कोणी नाही, आणि दोघांचीही नजर मात्र डॅशबोर्डच्या त्याच एका ठिकाणी, जिथे पाहण्यासारखे काही नव्हते. मिस्त्रीने ते पाहिले आणि त्याला पावती मिळाली.

गाडी गेल्यावर बायकोने सांगितले की कानाच्या डॉक्टरांकडे तिने आधीच वेळ घेऊन ठेवली आहे. पुढे डॉक्टरांनी जे सांगितले त्यात चमत्कार नव्हता : गेलेले परत येणार नाही, उरलेले सांभाळा, लागलेच तर यंत्र आहे. मिस्त्रीने यंत्राच्या तारा कशा जोडतात ते विचारले. नाव मात्र पुसले गेले नाही. टायरवाला हल्ली ‘कानसेन मंडळी’ म्हणतो. हेही आपणच प्रथम म्हटले असा रंगाऱ्याचा दावा आहे, आणि तो तपासण्याचा मार्ग नाही.

त्या शनिवारी शटर ओढून दोघे घराकडे निघाले. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागले होते, सायकली घंटा वाजवत जात होत्या. चालता चालता मिस्त्रीच्या ध्यानात आले की बायको त्याच्या उजव्या बाजूने चालते आहे. मग ध्यानात आले की ती कालही उजवीकडे होती. जेवताना उजवीकडे असते. आणि ते स्टूल.

“वारा कसला लागत होता गं तिकडे?” त्याने विचारले.

“तिकडे ना?” ती म्हणाली. “तिकडे बोललेलं वाऱ्यावर जायचं.”

कोपऱ्यावर एक सायकल अंगावर आली तेव्हा तिने त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतले, आणि पुढे हात काढून घेतला नाही.